विषय : पदोन्नती नाकारत असल्याबाबत

‘…मला केंद्रप्रमुख पदावर देण्यात आलेली पदोन्नती कौटुंबिक अडचणींमुळे स्वीकारणे शक्य नाही. सदर निर्णय मी स्वेच्छेने घेत असून याबाबत भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.’

हा मजकूर मला पाठ आहे, कारण २००६ च्या जून महिन्यात तो मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. लिहिला म्हणण्यापेक्षा उतरवून काढला म्हणणे बरोबर. कार्यालयातल्या बाबूंनी कपाटातून एक जुना अर्ज काढून दिला आणि म्हणाले, ‘मॅडम, नाव आणि शाळा तेवढी बदला.’ तो जुना अर्जही एका बाईचाच होता.

सात वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच पद मला पुन्हा देऊ करण्यात आले आणि त्या वेळी मी ते घेतले. नऊ वर्षे केंद्रप्रमुख म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात काम केले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नकाराचे बरेच अर्ज नजरेखालून गेले. पुरुषही अर्ज करतात, नाही असे नाही. पण त्यांच्या अर्जात आजारपण असते, निवृत्ती जवळ आल्याचे कारण असते, कधी चक्क ‘शेती पाहावी लागते’ असेही असते. बायकांच्या अर्जात दोनच शब्द : कौटुंबिक अडचण. निवृत्तीनंतर अर्ज लिहिणाऱ्या ज्या ज्या भेटल्या, त्यांच्याशी मी बोलत गेले. माझ्याकडे प्रश्नावली नव्हती, चहा होता. तेव्हा याला संशोधन म्हणायचे की नाही ते वाचकांनी ठरवावे. ‘बायकांना पुढे जायचेच नसते हो’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा लेखी पुरावा म्हणून हे अर्ज पुढे केले जातात. ते अर्ज मला वेगळे वाचता येतात, कारण त्यातला एक माझा आहे.

बाहेरच्या वाचकाला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची शिडी ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगते. सहायक शिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि तालुक्याच्या पातळीवर गटशिक्षणाधिकारी. केंद्रप्रमुख हे पद तसे नवे. १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने ते निर्माण झाले आणि राज्यभर ४,८६० केंद्रे ठरली. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा. त्या शाळांना भेटी द्यायच्या, वर्गात बसून शिकवणे पाहायचे, महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची, माहिती गोळा करून वर पाठवायची. मुख्याध्यापकापर्यंतचे काम एका शाळेच्या आवारात होते. केंद्रप्रमुखाचे काम गाडीवर होते. शिडीची हीच पायरी आहे जिथे बायकांची संख्या एकदम विरळ होते. २०२४-२५ च्या यूडायस अहवालानुसार देशातल्या शालेय शिक्षकांत ५४.२ टक्के स्त्रिया आहेत. तालुक्याच्या आढावा बैठकीत मात्र मला खुर्च्या मोजायची सवय लागली होती, आणि बायका मोजायला एका हाताची बोटे पुरत.

आता अंतराविषयी. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, भंडारा केवढासा जिल्हा! १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाल्यावर सात तालुकेच उरले : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर. पण नकाशातले अंतर आणि केंद्रप्रमुखाचे अंतर यांत फरक आहे. आमचे मोठे रस्ते आणि एसटी गावाला तालुक्याशी आणि तालुक्याला भंडाऱ्याशी जोडतात. शिक्षिका सकाळच्या गाडीने एका गावाला जाते, संध्याकाळच्या गाडीने परत येते, तिचे निभते. केंद्रप्रमुखाला जायचे असते एका खेड्यातून शेजारच्या खेड्यात, आणि त्या आडव्या वाटेवर एसटी नसते. धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा रपटा, वैनगंगा आणि चुलबंदीला पूर आला की दोन-दोन दिवस तुटलेली गावे. भंडारा-तुमसरच्या बाजूला कोका अभयारण्य, पवनीच्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला. नोव्हेंबरात साडेपाचला अंधारून येते, आणि वाघ दिसल्याची बातमी आधीच गावात पोचलेली असते.

म्हणजे स्वतःची गाडी हवी. माझ्या पिढीतल्या किती शिक्षिकांना गाडी येत होती? मला २००६ मध्ये येत नव्हती. अर्जात मी ‘कौटुंबिक अडचण’ लिहिले. ‘मला स्कूटर चालवता येत नाही’ असे लिहायची लाज वाटली. शिवाय ते कारण हास्यास्पद ठरले असते. ज्यांच्याशी मी बोलले त्यांतल्या अनेकींनी आधी मुलांचे, सासू-सासऱ्यांचे सांगितले आणि दुसऱ्या कपाला गाडीवर आल्या. एकीने तिसरेच सांगितले. भेटीच्या दिवशी चार शाळा, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी जाण्यासारखे स्वच्छतागृह नाही. ‘मी दिवसभर पाणी पीत नसे, म्हणून शेवटी मूतखडा झाला. हे अर्जात कसं लिहू?’ पाळीच्या दिवसांचा तर प्रश्नच वेगळा. बदली-पदोन्नतीच्या कोणत्याही नमुन्यात या गोष्टीला रकाना नाही.

घर हे कारण खोटे होते असे मात्र मला म्हणायचे नाही. माझा मुलगा त्या वर्षी दहावीत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘लेकरू दहावीत आहे, अन् तू कायले जातेस वो बाई गावोगाव?’ त्यांचे मला नवल वाटले नाही. जास्त विचार करायला लावले ते यजमानांच्या वाक्याने. ते म्हणाले, ‘तुला वाटेल ते कर, माझी काही हरकत नाही.’ चांगल्या घरांतले पुरुष असेच बोलतात. त्यात अडवणूक नाही. पण सकाळचा डबा, सासऱ्यांचे औषध, मुलाची शिकवणी, यांतले काय कोण उचलणार याचा एक शब्दही त्यात नाही. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २८९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. जे पुरुष असे काम करतात, त्यांची ८८ मिनिटे. जवळजवळ पावणेपाच तास आणि दीड तास. हा हिशेब डोक्यात ठेवून ‘वाटेल ते कर’ हे वाक्य पुन्हा वाचावे.

हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या कमाईच्या आणि रोजगाराच्या अभ्यासासाठी. त्यांची एक कल्पना मला आमच्या तालुक्यात बसून अगदी पटली. काही कामे हावरट असतात, असे त्या म्हणतात. केव्हाही हाक मारली की हजर राहणाऱ्याला ती बक्षीस देतात, म्हणून घरातल्या दोघांपैकी एकच जण असे काम घेतो आणि दुसरा घर धरतो. गोल्डिन यांच्यासमोर वकील आणि सल्लागार होते. पण संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर ‘माहिती आजच, अत्यंत तातडीचे’ असा संदेश ज्याला येतो, तो केंद्रप्रमुख त्याच जातीचे काम करतो. वकिलाला निदान पैसे तरी मिळतात. आमच्याकडे शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळते आणि चोवीस वर्षांनी, बसली तर, निवड श्रेणी. तिथवर पोचलेल्या शिक्षिकेला केंद्रप्रमुख होऊन पगारात पडणारा फरक पेट्रोलमध्ये जातो. तेव्हा नकार देणारी बाई हिशेबाने पाहिले तर चुकत नाही. फक्त तिच्या शहाणपणाची नोंद ‘महत्त्वाकांक्षा नाही’ अशी होते.

गंमत अशी की नेतृत्वाचे काम याच बायका आधीपासून करत असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत दीडशेहून जास्त मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आमच्या खेड्यांतल्या शाळांत चाळीस-पन्नास मुले आणि दोन शिक्षक. तिथे सेवाज्येष्ठ असेल तो ‘प्रभारी’. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, शालार्थ, यूडायस, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, ग्रामपंचायतीशी भांडण, इमारतीच्या गळतीचे प्रस्ताव, आणि हे सगळे करून दोन वर्गांना एकाच खोलीत शिकवणे. पदनाम नाही, वेतन नाही. वर्षानुवर्षे प्रभारी राहिलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, आणि गावाला दुसरी मुख्याध्यापक माहीतही नाही. त्यांनाच विचारा, केंद्रप्रमुख व्हाल का? ‘छे हो, मला नाही जमायचं ते,’ असे उत्तर येते. त्या रोज करतात त्या कामाला कुणी ‘प्रशासनाचा अनुभव’ म्हटलेलेच नसते, म्हणून त्यांनाही तसे वाटत नाही.

मोठ्या शाळांत चित्र थोडे वेगळे. तिथे कामे वाटली जातात आणि ती कशी वाटली जातात हे पाहण्यासारखे असते. स्नेहसंमेलन, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत, मुलींच्या अडचणी, पोषण आहाराची चव पाहणे हे मॅडमकडे. बांधकाम, बँक, पंचायत समितीत जाऊन येणे हे सरांकडे. ‘पंचायत समितीत जाऊन येणे’ म्हणजे तिथल्या साहेबांना नावाने माहीत होणे. अमेरिकेत लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी २०१७ मध्ये याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिघातिघांचे गट, दोन मिनिटांचा वेळ, आणि कुणीतरी एकाने सगळ्यांसाठी स्वतःला थोडा तोटा करून घ्यायचा. मिश्र गटात स्त्रियांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा हात वर केला. पण गट फक्त पुरुषांचा असला की तेही तितकेच पुढे येत, आणि फक्त स्त्रियांचा असला की त्या काही जास्त पुढे येत नसत. म्हणजे हा बायकांचा स्वभाव नव्हे. त्या हात वर करतील अशी सगळ्यांचीच, त्यांचीही, खात्री असते. मी केंद्रप्रमुख झाल्यावर शिक्षण परिषदेच्या कामांची चिठ्ठी काढायला सुरुवात केली. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने चहा-नाश्त्याचे पाहायचे, आणि ज्याच्या नावाची निघेल त्याने अहवाल घेऊन तालुक्याला जायचे. पहिल्या महिन्यात दोन गुरुजी रुसले. पोहे मात्र बरे झाले होते.

याच पंचायत समितीच्या इमारतीत दुसरी एक गोष्ट मी जवळून पाहिली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण ५० टक्के केले. त्यामुळे सभापतीच्या खुर्चीवर बाई येऊ लागली. पहिल्या काही बैठकांत सभापती मॅडमच्या शेजारी त्यांचे यजमान बसत आणि तेच बोलत. यावर विनोदही पुष्कळ झाले. पण साधारण वर्षभरात एक सभापती मॅडम मला थेट विचारू लागल्या, की अमक्या शाळेत मुलींच्या संडासाला दार का नाही. नऊ वर्षांत तो प्रश्न बैठकीत एवढ्या स्पष्टपणे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात झालेला एक अभ्यास मला पुढे वाचायला मिळाला. तेच भाषण एकदा पुरुषाच्या आणि एकदा बाईच्या आवाजात ऐकवून लोकांना गुण द्यायला सांगितले होते. ज्या गावांनी कधी स्त्री प्रधान पाहिली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे ती पाहिली होती तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. दुसऱ्या एका पाहणीत, स्त्री प्रधान दोन वेळा आलेल्या गावांत आई-बापांच्या मुलींबद्दलच्या अपेक्षा वाढलेल्या दिसल्या.

नोकरीतल्या बाईला असे काही नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण आणले, पुढे सरळसेवा भरतीत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आले, आणि त्याने आमच्या शाळा शिक्षिकांनी भरल्या हे खरेच. पण ते दारापर्यंत. पदोन्नतीत ते लागू नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच हवी असे म्हटले आहे, आणि तशी कुणी नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून आणावी अशी सोयही आहे. कायदा करणाऱ्यांना परिस्थितीची कल्पना होती म्हणायची.

पदोन्नतीतही आरक्षण असावे का, असे मला विचारतात. माझे मत तिकडे फारसे जात नाही. हुकूम आला आणि गाडी येत नसेल, तर आरक्षित हुकूमही नाकारलाच जाईल. सभापतीच्या खुर्चीवर बाई बसते तेव्हा शाळा तिच्याकडे येतात. केंद्रप्रमुखाला शाळांकडे जावे लागते. मला २००६ मध्ये आरक्षणापेक्षा मुदत हवी होती. आठ दिवसांत होय किंवा नाही कळवायचे होते. ‘आत्ता नको, दोन वर्षांनी द्या’ असे तिसरे उत्तर नव्हते. आमच्या नोकरीत बाईला मोकळीक मिळते ती साधारण पंचेचाळीस-पन्नासनंतर, मुले हाताखालून गेल्यावर. आणि २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या मर्यादित विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा कमाल वयाची अट होती ५० वर्षे! संघटनांनी त्यावर हरकत घेतली, परीक्षा लांबत गेली, तो इतिहास शिक्षकांना माहीत आहे. अट घालणाऱ्याच्या मनात बायकांना वगळायचे नसणार. त्याच्या डोळ्यांसमोर जो शिक्षक होता त्याची तिसाव्या वर्षीही मोकळीक होती, एवढेच.

काही गोष्टी सुधारल्या. २०१८ मध्ये राज्य शासनाने १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत घेता येणारी, आणि ती जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही लागू झाली. दहावीच्या वर्षाला आता निदान एक उत्तर आहे. केंद्राने हीच रजा ७३० दिवसांची केली होती, पण तो वाद इथे नको.

मला स्वतःला काय उपयोगी पडले ते सांगते. २०१२ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मंडईचे दिवस चालू असताना, शेजारच्या तालुक्यातल्या एक केंद्रप्रमुख बाई मला भेटल्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला उपदेश केला नाही. म्हणाल्या, ‘शुक्रवारी माझ्यासोबत भेटीला चला.’ मी मागे बसून गेले. त्यांनी आठवड्याच्या भेटी कशा लावल्यात ते पाहिले : पावसाळ्यात रस्त्याकडेच्या शाळा, हिवाळ्यात आतल्या, जंगलाच्या बाजूची शाळा सकाळी पहिली. कोणत्या शाळेत स्वच्छतागृह बरे आहे याची यादी त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर होती. ती यादी मी उतरवून घेतली नाही, कारण शाळा माझ्या नव्हत्या. पण माझी पहिली यादी मी केंद्रप्रमुख झाल्याच्या पहिल्याच महिन्यात केली. त्या हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, चौथीच्या पोरांदेखत मी स्कूटी शिकले. पोरे हसली. दोनदा पडले.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे सात-आठ शिक्षिका जमतात. परीक्षेच्या अभ्यासाने सुरुवात झाली, पण वेळ जातो दुसऱ्याच गोष्टींत. सेवापुस्तकात प्रभारीपदाची नोंद आहे का, नसेल तर ती कशी मागायची. भेटीचा अहवाल कसा लिहितात. बैठकीत आपला मुद्दा दुसऱ्याने स्वतःचा म्हणून मांडला तर काय बोलायचे. याचा तर आम्ही चक्क सराव करतो आणि खूप हसतो. एकीचे यजमान तिला सोडायला येतात आणि दोन तास गाडीत बसून राहतात. मी त्यांना सुचवले, की तेवढ्या वेळात घरी जाऊन कुकर लावता येईल. त्यांनी वाईट मानून घेतले नाही. लावतात की नाही ते मात्र अजून कळलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक माझ्याकडे कागद घेऊन आली. तिला पदोन्नतीसाठी विचारणा झाली होती आणि तिने नकाराचा अर्ज तयार केला होता. मजकूर मी वाचायच्या आधीच मला येत होता. आम्ही दोघी बसलो. ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ खोडले आणि त्या जागी लिहिले, की मूल दहावीत असल्याने पुढील मार्चपर्यंत मुदत मिळावी; दरम्यान नजीकच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार सांभाळण्यास मी तयार आहे; नेमणूक होताना ये-जा करता येईल अशा केंद्राचा विचार व्हावा. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तिने स्वतःच काढला. शेवटी ‘भविष्यात माझी कोणतीही तक्रार राहणार नाही’ हे वाक्य राहिले होते, तेही खोडले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बाबूंनी अर्ज दोनदा वाचला, मग आवक नोंदवहीवर पेन टेकवून थांबले आणि म्हणाले, ‘मॅडम, विषयात काय लिहू? हा होकार आहे की नकार?’